जलद गाडी, थांबे आणि मालेगावचा व्यापार

नवी जलद गाडी जाहीर झाली की आपल्या भागात एकच मागणी उठते, आमच्या गावाला थांबा द्या. निवेदने जातात, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. रेल्वेचे उत्तरही ठरलेले असते, थांबे वाढले की वेग जातो. आम्ही कापडाच्या धंद्यातले लोक या गाड्यांचे जुने गिऱ्हाईक. आमच्या मते दोन्ही बाजू हिशेब अर्धाच मांडतात.

रेल्वेचे म्हणणे खोटे नाही. धावती गाडी मंदावणे, दोन मिनिटे उभी राहणे आणि पुन्हा वेग घेणे यात पाच-सहा मिनिटे सहज जातात. दहा थांबे वाढले की जवळजवळ तास गेला. हे व्यापारी बांधवांनी मान्य केले पाहिजे.

पण मनमाड ते मुंबई हा सुमारे २६० कि.मी.चा मार्ग पाहा. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस लासलगाव, निफाडलाही थांबते आणि पावणेपाच तासांच्या आसपास मुंबई गाठते. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. तिचे थांबे मोजकेच, तरी मनमाडहून मुंबईला सव्वाचार तास लागत. म्हणजे फरक अर्ध्या तासाचा! बाकीचा वेळ खातो कसाऱ्याचा घाट आणि कल्याणपासून पुढची लोकलची गर्दी. लासलगावचा थांबा काढून पाच मिनिटे वाचवायची आणि पुढे कल्याणजवळ सिग्नलसाठी ताटकळायचे, यात कमाई कोणाची?

दुसरी गोष्ट वेळेची. व्यापाऱ्याला गाडी किती तासांत पोहोचते यापेक्षा किती वाजता पोहोचते याची गरज जास्त. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात, मुंबईचा बाजार चालू असतो. पंचवटीने पावणेअकराच्या सुमारास उतरलेला माणूस मंगलदास मार्केटात नमुने दाखवतो, जुम्याची नमाज अदा करतो, दुपारी पेढ्यांवर उधारीचा तगादा लावतो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परततो. वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली गेली. नांदेड, परभणीच्या बांधवांची सोय झाली, त्याचा आनंदच आहे. पण पूर्वी बाराच्या आत मुंबईत येणारी गाडी त्यामुळे दुपारी सव्वादोननंतर येऊ लागली. थांबा कायम राहिला, बाजाराचा अर्धा दिवस मात्र गेला.

आता मालेगावचा मुद्दा. एवढे मोठे यंत्रमागाचे शहर, पण रेल्वे नाही. सुमारे ४० कि.मी. रस्त्याने मनमाड गाठायचे. म्हणून मनमाडच्या थांब्याचे मोल मनमाडच्या वस्तीवर ठरवणे चूक आहे. तेथे उतरणाऱ्यामागे मालेगाव उभे असते. स्थानकाच्या मागे किती मुलूख आहे हे पाहूनच थांबा द्यावा, ही आमची पहिली मागणी.

मग लहान गावांचे काय? जपानने १९६४ साली तोक्यो-ओसाका मार्गावर तोड काढली. हिकारी ही गाडी मध्ये फक्त नागोया आणि क्योतोला थांबे, कोदामा प्रत्येक स्थानकावर. एकाच गाडीवर सगळे ओझे टाकले नाही. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक लहान स्थानकांचे थांबे गेले, आणि जलद गाडी कितीही चांगली असली तरी त्या गावांना तिचा उपयोग नव्हता.

आणि हे सारे आजच बोलण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या ३०९ कि.मी.च्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३०. हा मार्ग मालेगाव, धुळ्यावरून जायचा आहे. मुंबई-इंदूर अंतर कमी करणे हा त्याचा मोठा हेतू, म्हणजे यावर जलद गाड्या येणार आणि थांबे कमी ठेवण्याचा आग्रहही होणार. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा यंत्रमागधारकांनी आणि व्यापाऱ्यांनी आतापासून आकडे जमवावेत. मनमाडहून महिन्याला आपली किती तिकिटे निघतात, किती गाठी ट्रकने जातात, त्यातल्या किती रेल्वेने जाऊ शकतील. दोन मिनिटांच्या थांब्यात गाठी चढत नाहीत, म्हणून माल चढवण्यासाठी थांबा जास्त असलेली वेगळी गाडी आणि मालेगाव स्थानकात पार्सलची जागा हेही निवेदनात मागावे. आणि नुसता थांबा मागू नये, वेळही लिहावी: मालेगावहून पहाटे, मुंबईत अकराच्या आत.