बेटांचे लहानपण आणि राज्याची उभारणी

समुद्राने वेढलेल्या, नकाशावर शोधूनही चटकन न सापडणाऱ्या चिमुकल्या देशांना स्वतंत्र राज्यकारभार झेपणार नाही, कोणातरी बलाढ्य सत्तेच्या छत्राखाली राहण्यातच त्यांचे कल्याण आहे, हे मत साम्राज्ये मोडकळीस आली तेव्हापासून मोठ्या अधिकारवाणीने मांडले जात आहे. जमीन तुटपुंजी, म्हणून सारा महसूल एखाद्या पिकावर नाहीतर खनिजावर अवलंबून. माणसे मोजकी, म्हणून जाणत्या कारभाऱ्यांची वाण. आणि जो तो कोणाचा ना कोणाचा सोयरा, म्हणून कायद्याहून नाते बलवत्तर, अशी या मताची उपपत्ती आहे. पूर्वपक्ष दुबळा करून मग त्याचा पाडाव करणे खंडनाला शोभत नाही. म्हणून या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत हे आरंभीच मान्य करतो. खर्च करणारा आणि त्याचा जमाखर्च तपासणारा एकाच आळीत राहत असतील, तर तपासणीला धार राहणे कठीण असते. माझा आक्षेप आहे तो या अडचणींवरून काढलेल्या अनुमानाला.

1968 साली दोन बेटे स्वतंत्र झाली. 31 जानेवारीला प्रशांत महासागरातील नाउरू आणि 12 मार्चला हिंदी महासागरातील मॉरिशस. नाउरूचे क्षेत्रफळ अवघे 21 चौरस किलोमीटर आणि मॉरिशसचे सुमारे 2,000. तेव्हा ही तुलनाच विषम आहे, असे कोणी म्हणेल. परंतु त्या काळच्या जाणत्यांना यांपैकी धोक्यात दिसत होते ते मोठे बेट, हे विसरता कामा नये. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या 1961 च्या अहवालात मॉरिशसचे चित्र काळवंडलेले होते: मलेरिया हटल्यानंतर लोकसंख्या भराभर वाढत होती, निर्यातीचा जवळजवळ सारा भार साखरेवर होता, आणि हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी व फ्रेंच वंशाचे मळेवाले एकमेकांकडे साशंक दृष्टीने पाहत होते. मीड यांनी उपायही सुचविले होते. लोकांनी मात्र त्यातली निराशा तेवढी उचलली. 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधकांना पडली, आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईमध्ये असे दंगे उसळले की ते शमविण्यासाठी ब्रिटिश फौज आणावी लागली. इकडे नाउरूला फॉस्फेटच्या खाणींचा ताबा 1970 मध्ये मिळाला आणि दरडोई उत्पन्नात ते जगातील अग्रगण्य देशांच्या पंक्तीला जाऊन बसले.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. नाउरूने मेलबर्नमध्ये 52 मजल्यांची इमारत उभारली, विमान कंपनी चालविली, परदेशांत मालमत्ता घेतल्या. आणि फॉस्फेट सरत आले तेव्हा त्याच्या उत्पन्नातून उभारलेला विश्वस्त निधीही सरत आला, ती इमारत 2004 मध्ये विकावी लागली. परकीय अमलाखाली या बेटाची भूमी ओरबाडली गेली होती, आणि त्याची भरपाई देण्यास ऑस्ट्रेलिया 1993 मध्ये राजी झाले ते नाउरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितल्यानंतरच, हे न सांगणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट मला निर्णायक वाटते: 2014 पर्यंत तेथे प्राप्तिकरच नव्हता. खजिना जमिनीतून भरत होता, रयतेच्या खिशातून नव्हे. त्यामुळे खजिन्याचा जाब विचारण्याची सवय रयतेला लागण्याचे कारणच उरले नाही. हा दोष लहानपणाचा नाही. तेलावर जगणाऱ्या विस्तीर्ण देशांतही तो दिसतो.

मॉरिशसने काय केले? शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने ऊसमळे जप्त केले नाहीत. मळे धन्यांकडे ठेवून साखरेच्या निर्यातीवर कर बसविला, आणि शिक्षण, आरोग्य व वृद्धांचे वेतन यांचा खर्च चालविण्यास त्या उत्पन्नाचा आधार घेतला. ज्यांच्या हाती संपत्ती होती त्यांना पळवून न लावता राज्याच्या खर्चाचे भागीदार करून घेणे, हे मला त्या देशाच्या कारभारातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. 1970 मध्ये प्राध्यापक लिम फाट यांच्या कल्पनेनुसार निर्यात उद्योगांना जकातमाफीची सनद मिळाली आणि कापडाचे कारखाने उभे राहिले. राजकारणातही हीच नीती होती. स्वातंत्र्याला विरोध करणारे गाएतां द्युव्हाल यांना 1969 मध्ये मंत्रिमंडळात घेऊन परराष्ट्र खाते सोपविण्यात आले. मॉरिशस बेटावरील मतदारसंघ तीन-तीन सदस्यांचे होते. शिवाय पराभूत उमेदवारांतून आठ जागा अशा रीतीने भरल्या जात की कोणताही समाज विधिमंडळाबाहेर राहू नये. या तरतुदीचे मोल 1982 मध्ये कळले. मॉरिशस बेटावरील साठही जागा विरोधी आघाडीने जिंकल्या, खुद्द रामगुलाम पराभूत झाले, आणि तरी त्यांच्या पक्षाला व द्युव्हाल यांच्या पक्षाला याच तरतुदीमुळे सभागृहात आवाज उरला. सत्ता निमूटपणे हस्तांतरित झाली. खडी फौज न बाळगणाऱ्या देशात हे घडले.

या राज्याचे गुणगान करताना त्याचे दोष झाकण्याची मला गरज वाटत नाही. 1971 मध्ये आणीबाणी पुकारली गेली, 1972 ची निवडणूक 1976 पर्यंत लांबविली गेली, आणि पंतप्रधानपद बहुतेक काळ दोन घराण्यांतच फिरत राहिले. ज्या तरतुदीची मी स्तुती केली ती उमेदवाराला संविधानाने मानलेल्या चारपैकी एका समाजाचा शिक्का कपाळी लावून घेण्यास भाग पाडत आली आहे. कोकणातून गेलेल्या मराठी मंडळींची गणनाही तेथे हिंदूंतच होते. त्यातही हिशेब अजून 1972 च्या जनगणनेचा, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाजाची नोंदच घेतली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012 मध्ये या सक्तीवर ठपका ठेवला. 2014 च्या निवडणुकीपुरती ती ऐच्छिक करण्यात आली. कायमची सुधारणा करायची तर विधिमंडळाचे तीन-चतुर्थांश बहुमत हवे, आणि विरोधकांच्या संमतीवाचून ते सहसा जुळत नाही. हा विलंब पाहून अधीर होणाऱ्यांशी मी सहमत नाही. अल्पसंख्याकांना दिलेले वचन बहुसंख्याकांनी एका रात्रीत परत घेऊ नये, म्हणूनच तो बंदोबस्त केलेला आहे.