काल्पनिक राज्याची रसद

वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या साहित्यात अलीकडे एक नवाच प्रकार वाढीस लागला आहे. पूर्वी सहलीची वर्णने येत, थोरांची चरित्रे येत, पावसाळ्यावरील निबंध तर हमखास येत. आता विद्यार्थी राज्येच्या राज्ये लिहून धाडतात. सोबत नकाशा असतो, ध्वज असतो, पलटणींची नावे असतात. कथानकही बहुधा ठरलेले असते. एक अफाट साम्राज्य होते; ते ऐषारामाने पोखरले गेले व कोसळले; मग काही शूर सेनानींनी त्याच्या अवशेषांवर एक नवे, कडवे, शिस्तबद्ध प्रजासत्ताक उभारले, ज्यात प्रत्येक नागरिक हा सैनिक आहे. एका वहीत सैनिकांच्या गणवेशाचे वर्णन दीड पान भरले होते. सैनिक काय खातात, याविषयी अवघ्या वहीत एक ओळ नव्हती.

संगणकावरील खेळ आणि परदेशी चित्रपट यांचा हा परिणाम आहे, असे म्हणून काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. आम्हांस तसे वाटत नाही. राज्य कसे घडते, असा प्रश्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी पडणे हे चांगलेच लक्षण होय. आमची तक्रार वेगळी आहे. ही राज्ये रचणारे आमचे तरुण मित्र ज्या भूमीवर बसून लेखणी चालवितात, त्या भूमीकडे ते पाहतच नाहीत. हुबळी-धारवाडचा हा प्रांत म्हणजे पडलेल्या साम्राज्यांचे आगरच. १५६५ साली विजयनगर पडले, १६८६ साली विजापूरची आदिलशाही बुडाली, १७९९ साली श्रीरंगपट्टण पडून टिपूचे राज्य लयास गेले आणि १८१८ साली पेशवाई संपली. या प्रत्येक पतनाचे हादरे आपल्या काळ्या मातीने सोसले आहेत. यांपैकी तिसऱ्या पतनानंतर तर याच प्रांतात आमच्या विद्यार्थ्यांच्या कथानकाशी विलक्षण जुळणारा एक प्रयोग प्रत्यक्ष घडला. तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो. म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

धोंडजी वाघ हा मूळचा चन्नगिरीचा, मराठा कुळातला. हैदरअलीच्या घोडदळात तो चाकरीस होता. टिपू व इंग्रज यांच्या १७९०–९२ च्या युद्धात त्याने टिपूची चाकरी सोडली आणि लक्ष्मेश्वर-धारवाडच्या बाजूस येऊन स्वतंत्रपणे लूटमार आरंभिली. पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांनी त्याला येथून हुसकावले, तेव्हा तो परत टिपूकडे गेला. टिपूने त्याचे धर्मांतर करविले व पुढे त्याला तुरुंगात घातले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि त्या गोंधळात धोंडजी मोकळा झाला.

येथे क्षणभर थांबून त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एका दिवसात एक राज्य नाहीसे झाले आहे. हजारो घोडेस्वार व पायदळ शिपाई बेकार झाले आहेत. त्यांना दुसरा धंदा ठाऊक नाही, हाती शस्त्र आहे, घरी खाणारी तोंडे आहेत, आणि कालपर्यंत पगार देणारा खजिना आज परक्यांच्या हाती गेला आहे. अशा माणसांना कोणी ‘चला’ म्हणणारा भेटला की ते निघतात. धोंडजी म्हणाला, ‘चला’. आणि काही महिन्यांतच त्याच्याभोवती मोठी फौज जमा झाली. पडलेल्या साम्राज्यातून सैनिकी सत्ता उगवते ती पुष्कळदा अशी. तिच्या मुळाशी तत्त्वज्ञान असतेच असे नव्हे. थकलेला पगार मात्र बहुधा असतो. आमच्या लेखकांनी आपल्या सेनानींच्या तोंडी मोठमोठी भाषणे घालण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

धोंडजीने ‘उभय लोकांचा राजा’ अशी पदवी धारण केली. इहलोक आणि परलोक, दोन्हींचे आधिपत्य! पदवी भव्य खरी. पण इहलोकातला एखादा तालुका तरी त्याला वर्षभर सुखाने सांभाळता आला असता, तर त्याचा इतिहास निराळा झाला असता. त्याची फौज मुख्यत्वे घोडदळाची. घोडा हे जनावर दिसण्यास राजस, पण त्याला रोज वैरण लागते, चंदी लागते. स्वार स्वतःच्या घोड्याचा धनी, म्हणजे शिलेदार असेल, तर घोडा मेला की त्याची रोजीच बुडाली. हजारो घोडी एका गावाबाहेर चार दिवस उभी राहिली, तर त्या गावाच्या कडब्याच्या गंजी फस्त झाल्या म्हणून समजावे. पाचव्या दिवशी फौजेला दुसरे गाव शोधावे लागते. ही फौज राज्य करीत नव्हती, ती चरत होती. असे आम्ही म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

१८०० च्या जूनअखेरीस कित्तूरच्या बाजूस धोंडोपंत गोखले धोंडजीच्या हल्ल्यात ठार झाले. त्यांचे पुतणे बापू गोखले निसटून हल्याळकडे गेले. हेच ते बापू गोखले, जे पुढे पेशव्यांचे सेनापती झाले आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. १८०० साली मात्र तेच बापू इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून धोंडजीच्या पाठलागात होते. इतिहासाच्या या वळणांपुढे काल्पनिक कथेतील वळणे अनेकदा फिकी पडतात.

धोंडजीच्या पाठीवर आलेला इंग्रज अधिकारी म्हणजे कर्नल आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली त्याने वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव केला. त्याने भर पावसाळ्यात तुंगभद्रा ओलांडली. राणेबेन्नूर घेतले, १४ जुलैस कुंदगोळ घेतले, २६ जुलैस डंबळ घेतले, आणि ३० जुलैस मनोळीजवळ मलप्रभेच्या काठी धोंडजीच्या तळावर अचानक छापा घातला. नदीला पूर होता; कित्येक माणसे त्यात बुडाली. पावसाळ्यात आपली काळी जमीन पायातले जोडे कशी ओढून घेते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मोहिमेचे आश्चर्य वाटावे. वेलस्लीला ती साधली, याचे मोठे श्रेय बैलांना आहे. लमाण तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून धान्य त्याच्या फौजेमागोमाग येत राही आणि त्या धान्याचा दाम त्याला मोजावा लागे. रसदीची चिंता हा गृहस्थ तोफांच्या चिंतेहून अधिक करीत असे. अखेर १० सप्टेंबर १८०० रोजी रायचूरकडील कोनगल येथे उरलेल्या सुमारे ५,००० स्वारांनिशी धोंडजी सापडला आणि लढता लढता मारला गेला. श्रीरंगपट्टण पडल्यापासून हा सारा खेळ अवघ्या सोळा महिन्यांचा!

धोंडजीला काहीजण इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणारा आद्य वीर मानतात. ते म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. तो शूर होता आणि तो शरण गेला नाही. परंतु कुंदगोळच्या रयतेला त्या वर्षी काय वाटले असेल? तिच्या शेतांवरून आधी वाघाची फौज गेली, मग गोऱ्यांची. दोघांच्याही घोड्यांना ज्वारीचे ताट सारखेच गोड लागते. आमच्याकडे आलेल्या कथांत या रयतेचे नाव नसते. तिथे शेतकरी केवळ एकदाच दिसतो. विजयी फौजेवर फुले उधळताना.

आता ‘प्रजासत्ताक’ या शब्दाकडे वळू. धोंडजीच्या सत्तेला हे नाव कोणी देणार नाही; तो राजा म्हणवीत होता. मग शस्त्रोपजीवी लोकांचे खरेखुरे गणराज्य कधी झाले आहे काय? झाले आहे, आणि तेही भारतात. पाणिनीने ‘आयुधजीवी संघ’ असा शब्द योजिला आहे. अशा संघांपैकीच एक यौधेय. आजच्या हरियाणा-पंजाबच्या भागात ते राहत. उत्तरेतील कुशाण साम्राज्य ढासळू लागले, त्या काळात त्यांनी पुन्हा डोके वर काढले व स्वतःची नाणी पाडली. त्या नाण्यांवर देवसेनापती कार्तिकेय भाला घेऊन उभा आहे आणि भोवती ‘यौधेयगणस्य जयः’ अशी अक्षरे आहेत. जय कोणाचा? सेनापतीचा नव्हे, राजाचा नव्हे, गणाचा. आणि मौज अशी, की या नाण्यांची घडण आहे कुशाणांच्या नाण्यांच्या धर्तीवरची. साम्राज्य गेले तरी बाजारातल्या माणसाचा हात ज्या नाण्याला सरावलेला असतो, त्याच रूपाचे नाणे नव्या राज्याला पाडावे लागते. पुढे समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात त्याला कर देणाऱ्यांच्या यादीत यौधेय दिसतात.

पडलेले साम्राज्य असे पुष्कळ काही मागे ठेवून जाते, आणि नवे राज्य त्याच्यावरच जगते. आपण आजही दप्तर म्हणतो, फौजदार म्हणतो, तहसीलदार म्हणतो. सुलतानशाह्या केव्हाच गेल्या, त्यांचे फारसी शब्द आपल्या कचेऱ्यांत बसून आहेत. १८१७–१८ मध्ये टॉमस मन्रोने धारवाड-हुबळीचा मुलूख घेतला तेव्हा त्याच्याजवळ कवायती फौज थोडीच होती. त्याने या भागातलेच शिबंदीचे शिपाई ठेवले, तालुक्यांवर अमीलदार नेमले आणि सारा वसूल करण्यास प्रारंभ केला. वसूल ज्याच्या हाती, त्याचे राज्य. मन्रो काही रयतेच्या प्रेमाने येथे आला नव्हता, हे सांगणे नलगे. पण देसाई, पाटील, कुलकर्णी आणि त्यांची दप्तरे यांच्यावाचून हा प्रांत मुठीत राहत नाही, हे त्याने ओळखले होते. धोंडजीने ते ओळखले नाही, किंवा ओळखण्याइतका अवधी त्याला मिळाला नाही. आमच्या मित्रांच्या प्रजासत्ताकांत सेनापती दहा-दहा असतात, कुलकर्णी एकही नसतो.

याहून जवळचे उदाहरण तर आपले स्वतःचेच. भारताचे प्रजासत्ताकही एका अस्तंगत साम्राज्यातून जन्मले आणि त्या साम्राज्याची फौज त्याच्या वाट्यास आली. तीच फौज १९४७ साली दोन देशांत वाटली गेली. तेच गणवेश, तीच कवायत, एकाच शिक्षणात तयार झालेले अधिकारी. असे असता पाकिस्तानात १९५८ साली जनरल अयूब खान यांनी सत्ता हाती घेतली. आपल्याकडे तसे झाले नाही. कारणे अनेक आहेत व त्यांवर विद्वानांचे ग्रंथ आहेत. आम्हांस येथे लहानशाच गोष्टी नोंदवावयाच्या आहेत. दिल्लीत इंग्रज सरसेनापतीसाठी १९३० साली बांधलेला प्रशस्त वाडा होता. १९४८ साली त्यात पंतप्रधान पंडित नेहरू राहावयास गेले. तीन मूर्ती भवन ते हेच. १५ जानेवारी १९४९ रोजी कोडगूचे सुपुत्र करिअप्पा हे पहिले भारतीय सरसेनापती झाले. पुढे १९५५ साली सरसेनापती हे पदच मोडण्यात आले आणि भूदल, नौदल व वायुदल यांचे तीन वेगळे प्रमुख आपापल्या जागी राहिले. संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि तेही कायद्याने नियमित, असे संविधानातच लिहिलेले आहे. कोणत्या घरात कोण राहतो, कोणाच्या सहीने पगार निघतो, कोणाचे पद कोण मोडू शकतो, या रुक्ष बाबींनीच एका देशात एक गोष्ट घडली व दुसऱ्यात दुसरी, असा आमचा दावा नाही. परंतु राज्य कोणाचे आहे ते या बाबींवरून कळते, एवढे निश्चित. ‘येथे प्रत्येक नागरिक सैनिक आहे’ असे लिहून टाकणे सोपे असते. त्या राज्यात सेनापतीला ‘हे तुम्हांस करता येणार नाही’ असे कोण म्हणू शकतो, आणि म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी जिवंत असतो काय, हे लिहिणे कठीण. तसा माणूस कथेत नसेल तर त्या राज्यास खुशाल साम्राज्य म्हणावे. प्रजासत्ताक हा शब्द वाया दवडू नये.

कोणी म्हणेल, कथेला इतका हिशेब कशाला? कल्पनेला पंख असू द्यावेत. अवश्य असू द्यावेत. परंतु ज्या राज्यात पगार थकतो, दोन पलटणींत दाण्यावरून भांडण होते, एखादा कारकून जुन्या साम्राज्याचे दप्तर रातोरात लपवून ठेवतो, त्या राज्याची कथा आम्ही तरी अधिक उत्सुकतेने वाचू. दहाव्या पानावर येणाऱ्या दहाव्या लढाईत आता आमचे मन रमत नाही, हे संपादनाचे काम करणाऱ्यांचे एक गुपित आहे. ते येथे फोडून टाकतो.

विषय हवा असल्यास तो दूर नाही. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळ जवळ आहे. सवाई गंधर्वांचे गाव म्हणून आपण तेथे जातो. एकदा १८०० सालचे गाव म्हणून जाऊन पाहावे. आणि एक माहिती, जी आम्हांस फार दिवस विसरता आलेली नाही. कोनगलच्या लढाईनंतर धोंडजीच्या सामानसुमानात त्याचा लहानगा मुलगा सापडला. त्याचे नाव सलाबत खान. ज्याने बापाला मारले, त्या वेलस्लीनेच त्याला आपल्या तंबूत नेऊन ठेवले, आणि १८०५ साली हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे मागे ठेवले. पुढे तो म्हैसूरच्या राजाच्या चाकरीस लागला. उभय लोकांच्या राजाचा मुलगा, शत्रूच्या तंबूत वाढणारा! त्याच्या तोंडून ही हकीकत कोणी लिहिली, तर पुढील वर्षीच्या अंकात आम्ही तिच्यासाठी हवी तेवढी पाने राखून ठेवू.