'नाही' म्हणायला आम्हीच का शिकायचं?

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाने 'क्रॉस-कल्चरल कम्युनिकेशन'चं ट्रेनिंग एकदा तरी सोसलेलं असतंच. सामोसा, गार चहा आणि स्लाइड्स. पहिल्या पंधरा मिनिटांत निकाल लागतो: भारतीय लोक 'नाही' म्हणत नाहीत, म्हणून प्रोजेक्ट बोंबलतात. मग हॉफस्टीडसाहेबांचा तक्ता. 'पॉवर डिस्टन्स', म्हणजे वरच्याचं वरचेपण मुकाट मान्य करण्याची सवय: भारत ७७, अमेरिका ४०. झालं! आपण जन्मजात होयबा, आकड्यांनिशी सिद्ध.

मूळ आकडे १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांमधून आले, हे मात्र स्लाइडवर कुठेच नसतं. एकाच कंपनीतली, पन्नासेक वर्षांपूर्वीची माणसं. त्यांच्यावरून हिंजवडीतल्या बावीस वर्षांच्या पोरीचा स्वभाव ठरवायचा?

ट्रेनिंगमधलं सगळंच टाकाऊ असतं असं नाही हं. समोरचा बोलत असताना आपण 'हो... हो...' करत राहतो, ते फक्त 'ऐकतोय' हे कळवायला. कॉलवर त्याचंच 'येस, येस' होतं आणि पलीकडे टेक्सासमधला माणूस समजतो की गडी कबूल झाला. आणि 'बघतो' म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. वर्गणीपासून उसन्या पैशांपर्यंत 'बघतो' म्हणजे नाही. 'वी विल ट्राय' हा त्याचाच इंग्रजी अवतार. हे जरूर शिकवा, तासाभराचं काम आहे.

पण खरं दुखणं दुसरीकडेच आहे. मागे आमच्या टीममधल्या एका मुलीने कॉलवर सरळ सांगितलं, "शुक्रवारी रिलीज जमणार नाही, मायग्रेशनचं टेस्टिंग राहिलंय." नुकतीच त्या ट्रेनिंगमधून बाहेर पडली होती बिचारी. कॉल संपल्यावर मॅनेजरने बाजूला घेतलं. क्लायंटसमोर असं बोलायचं नसतं म्हणे. अप्रेझलमध्ये 'टीम प्लेयर नाही' असा शेरा. रिलीज शुक्रवारीच झाला, शनिवारी रोलबॅक, आणि रविवारी आम्ही सगळे हापिसात. आता ती प्रत्येक गोष्टीला 'शुअर' म्हणते. यात संस्कृती कुठे आली? पोटापाण्याचा हिशोब आहे हा.

आणि हा हिशोब अमेरिकनांनाही चुकलेला नाही. २८ डिसेंबर १९७८, युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान. चाकांच्या बिघाडाच्या शंकेने कॅप्टन पोर्टलंडजवळ तासभर घिरट्या घालत राहिला. इंधन संपत आल्याचं फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. तो बोललाही, पण आडून आडून. विमान पडलं, १० माणसं गेली. कंपनी अमेरिकन, कॉकपिटमधली भाषा एकच, तरीही खालच्याला वरच्यापुढे ठणकावून सांगता आलं नाही! कुठे गेले ते ४०?

पुढची गंमत बघा. तिथल्या अपघात तपास मंडळाने दोन गोष्टी सुचवल्या: हाताखालच्यांना ठामपणे बोलायला शिकवा, आणि कॅप्टनला त्यांना सामील करून घ्यायला शिकवा. युनायटेडने १९८१ साली तसं ट्रेनिंग सुरू केलं आणि मग ते जगभर गेलं.

आमच्याकडे आलं ते अर्धंच. बोलायला शिकायचं ज्युनिअरने. ऐकायला कोणी शिकायचं? डिलिव्हरी मॅनेजर त्या दिवशी नेमका 'क्लायंट मीटिंग'मध्ये असतो, आणि क्लायंट तर बोलूनचालून गिऱ्हाईक, त्याला कोण बसवणार वर्गात!

बसवायलाच हवं. त्याला फार नाही, दोन गोष्टी शिकवा. 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' असं विचारू नकोस बाबा, त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. 'शुक्रवारपर्यंत काय काय राहील?' असं विचार. आणि विचारल्यावर पाच सेकंद गप्प बस. आमचा माणूस म्यूट काढून, इंग्रजी वाक्य जुळवून, मॅनेजरच्या तोंडाकडे एकदा बघून मग बोलतो. तेवढा वेळ दे त्याला.