गोठवलेल्या जीवाचा प्रश्न

वंध्यत्वावरील उपचारांत ‘गर्भाशयाची तयारी’ हा शब्दप्रयोग हल्ली वारंवार कानी पडतो. तो निरुपद्रवी वाटतो, म्हणूनच तपासून पाहिला पाहिजे.

प्रयोगशाळेत निर्माण केलेला भ्रूण उणे १९६ अंश सेल्सियसला द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. तो मातेच्या उदरात सोडण्यापूर्वी गर्भाशयाचे अस्तर सिद्ध करायचे असते. पाळी नियमित असेल तर देह हे काम स्वतःच करतो. दुसऱ्या पद्धतीत इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन अस्तर साधारण ७ मिलिमीटर जाड झाले की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात. दवाखान्याच्या वेळापत्रकाला हीच सोयीची! मात्र तीत बीजोत्सर्ग होत नाही आणि अशा गरोदरपणात रक्तदाबाचे विकार अधिक आढळतात, असे वैद्यकशास्त्रच सांगते. किती भगिनींना हे आधी समजावले जाते?

पण माझा आक्षेप याहून मूलभूत आहे. सारी तयारी घराची. ज्याच्यासाठी घर, त्याच्याविषयी अवाक्षर नाही. एक-दोन भ्रूण उदरात जातात, उरलेल्यांचे काय? २०२१ च्या भारतीय कायद्याने त्यांना १० वर्षांची मुदत दिली आहे. पुढे त्यांना नष्ट होऊ द्यायचे किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यायचे. ही गोदामातल्या मालाची भाषा झाली.

भ्रूण गोठविणे हा मानवाला देय असलेल्या आदराचा भंग आहे, असे ‘दोनुम वीते’ या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने १९८७ साली सांगितले. २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ने तर असे भ्रूण इतरांनी दत्तक घेण्याचा मार्गही, हेतू स्तुत्य असूनही, स्वीकारला नाही, हा अन्याय निस्तरता येण्याजोगा नाही, असे स्पष्ट म्हटले. काही सुशिक्षितांना हे निष्ठुर वाटते. मला ते प्रामाणिक वाटते. निरगाठ बसल्यावर ती सोडवण्याचे खोटे आश्वासन कशाला द्यावे?

आता थोडे आपल्याविषयी. या मार्गाने जन्मलेले मूलही देवाच्या चांगुलपणाचे दान आहे, असे तोच १९८७ चा दस्तऐवज सांगतो. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्याने ते वाचावे. आणि मिस्सा सुटताच नवविवाहितेला “अजून काही नाही का गं?” विचारणारे आपणच तिला त्या दवाखान्याच्या दारी लोटत असतो. मुलाची तपासणी मात्र सासरच्यांना सुचत नाही. नलिकांतील अडथळा, थायरॉईड, पुरुषातील दोष यांवरच्या उपचारांना ख्रिस्तसभेची हरकत नाही. आधी तिकडे वळावे.

ज्यांचे भ्रूण आज कुठेतरी गोठवलेले आहेत, त्यांनी आपल्या धर्मगुरूंना टाळू नये.