पहिलीच्या वर्गाचा बाजार

नांदेड व लातूर ह्या आमच्या दोन शहरांत एक नवाच बाजार भरू लागला आहे. मोंढ्यात सोयाबीन, तूर, हळद ह्यांचे सौदे होतात व तेथे निदान भाव पुकारला तरी जातो. परंतु खाजगी प्राथमिक शाळांच्या फाटकाशी दर वर्षी जो बाजार भरतो, तेथे भाव कोणी पुकारीत नाही. तेथला माल म्हणजे पहिलीच्या वर्गातील एक जागा, आणि गिऱ्हाईक म्हणजे मुखेड-कंधारचा कोरडवाहू शेतकरी, औसा-निलंग्याचा सुतार, देगलूरचा शिंपी, अहमदपूरचा गवंडी. हातात पोराच्या जन्माचा दाखला, खिशात आडत्याकडून पुढच्या पिकावर घेतलेली उचल, आणि मनात एकच धास्ती की, हे दार बंद झाले तर पोराचा जन्म वाया गेला!

ही धास्ती कोठून आली ते अगोदर पाहू. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर गाजले. दहावी-बारावीच्या परीक्षांत, मग वैद्यकीच्या प्रवेश-परीक्षांत लातूरची पोरे वर आली व पाठोपाठ नांदेडनेही तोच धडा गिरविला. मागास म्हणून हिणविल्या गेलेल्या ह्या मुलखातील शेतकऱ्यांची व कारागिरांची पोरे डॉक्टर झाली ह्याचा आम्हांस अभिमानच आहे. त्या यशास नावे ठेवण्याचे पातक आम्ही करणार नाही. परंतु बारावीच्या शिखराची पायरी शोधीत शोधीत लोक खाली उतरत गेले. शिकवणी आठवीला लागली, मग पाचवीला लागली, आणि आता समज असा झाला आहे की, पहिलीचीच शाळा ‘नामांकित’ नसेल तर डॉक्टरीची जागा तेव्हाच गेली. ज्या लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच लातुरात भाड्याच्या खोलीत पोरांना घेऊन राहणारी आई, आणि गावी एकटाच भाकरी थापणारा बाप, हे चित्र आता नवलाचे राहिले नाही. एका संसाराच्या दोन चुली झाल्या. कोरडवाहू चार एकरांत ही दुसरी चूल कोठून पेटावी?

लातूरच्या कीर्तीत ज्या महाविद्यालयांचा वाटा आहे त्यांतील एकास राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड ठरविला. म्हणजे पोर शाळेबाहेर राहिले तर दरबार बापास जाब विचारी. आज बाप शाळेच्या दाराशी हात जोडून उभा आहे आणि जाब कोणीच कोणास विचारीत नाही! त्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुले ह्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवून सांगितले होते की, सरकारचा वसूल रयतेच्या घामातून निघतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. तरी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली ते राज्यभर अमलातही आणले.

आमच्या मराठवाड्याच्या वाट्यास ह्यांतले काही आले नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली होतो. वरचे शिक्षण उर्दूतून चाले, आणि मराठी शाळा शोधावी लागे. हिप्परग्यासारख्या ठिकाणी लोकांनी राष्ट्रीय शाळा चालविली ती ह्याच निकडीतून. त्या काळची टंचाई खरी होती, कारण शाळाच नव्हत्या. आजची टंचाई तशी नव्हे. २०२३ साली सरकारच्याच हिशेबात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा महाराष्ट्रात १४ हजार ७०० च्या वर निघाल्या. त्यांत एक लाख ८५ हजार मुले व २९ हजारांवर शिक्षक होते. ह्या शाळा मिटवून ‘समूह शाळा’ कराव्यात असा बेत तेव्हा सरकारने मांडला. खेड्यात इमारत आहे, मास्तर आहे, फळा आहे, पोरे नाहीत. शहरात पोरे आहेत, आईबाप आहेत, जागा नाही. असा दुष्काळ पाऊस पडल्याने हटत नसतो. हा मालाचा दुष्काळ नसून विश्वासाचा आहे, आणि तो ज्यांच्या फायद्याचा आहे ते लोक त्यास खतपाणी घालीत आहेत.

आमचा शेतकरी मूर्ख म्हणून जिल्हा परिषदेची शाळा सोडून गेला, असे शहरातील शहाणे म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. एका मास्तराने चार इयत्ता सांभाळाव्या, मध्येच त्याने मतदारांच्या याद्या कराव्या, खिचडीचा हिशेब ठेवावा, मोबाईलवर रोज नवी माहिती भरावी, आणि उरल्या वेळात शिकवावे, हे बाप डोळ्यांनी पाहतो. इंग्रजी पोरास यावी ही त्याची इच्छा तर शंभर टक्के रास्त आहे. कोर्टकचेरीत, दवाखान्यात, बँकेत त्या भाषेवाचून त्याची अडवणूक झालेली आहे. पण सरकारी शाळेतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, हे किती आईबापांस ठाऊक आहे? आणि मास्तर मनावर घेईल तर काय होते ते शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात दिसले. माढा तालुक्यातील परितेवाडी ह्या लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० साली शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला. तेव्हा शाळा सरकारी म्हणून शिक्षण हलके, हा सिद्धान्त खोटा आहे.

आता खाजगी शाळेच्या दाराशी काय चालते ते पाहा. सहा वर्षांच्या पोरास रंग, आकडे, इंग्रजी फळांची नावे विचारतात, आणि मग आईबापांस विचारतात की, आपले शिक्षण किती, आपण काय करता. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिने तेथे काय उत्तर द्यावे? पूर्वी जात विचारून दाराबाहेर उभे करीत, आता आईबापांची इयत्ता विचारून करतात! बोर्ड सुंदर इंग्रजीत असतो, एवढाच काय तो फरक. वाचकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची अशी छाननी करण्यास मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यास २५ हजारांपर्यंत व पुढच्या प्रत्येक गुन्ह्यास ५० हजारांपर्यंत दंड आहे. देणगी उकळली तर उकळलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात तर देणगीबंदीचा कायदा १९८७ सालापासून आहे. पण हा हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणून हुशार संस्थाचालकांनी तीन वर्षांच्या पोरालाच नर्सरीत घेऊन तेथेच चाळणी लाविली. पहिलीची वेळ येते तेव्हा वर्ग आधीच भरलेला असतो. देणगीसही आता कोणी देणगी म्हणत नाही. ती ‘बांधकाम निधी’ होते, ‘उपक्रम शुल्क’ होते, कधी पावतीवाचूनच होते.

ह्याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील शेकडा २५ जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठी मोफत राखल्या आहेत. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या ह्यातून सुटल्या. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१२ साली उचलून धरला. घटनेने तर हे काम १९६० पर्यंत पुरे करा म्हणून सांगितले होते! असो. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात अशा सुमारे एक लाख नऊ हजार जागा होत्या व अर्ज तीन लाखांच्या वर आले. म्हणजे एका जागेस तीन पोरे, आणि निवाडा सोडतीच्या चिठ्ठीवर. हक्क म्हणावयाचा आणि लॉटरी लावावयाची, ह्या दोहोंचा मेळ आम्हांस अजून लागला नाही.

सरकारला एवढेही डोईजड झाले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून असे ठरविले की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर २५ टक्क्यांचे बंधन नाही. शहरात अशी शाळा कोणाच्या जवळ नाही? म्हणजे दार उघडे ठेवून भिंत बांधण्याचाच हा प्रकार. आईबाप व संघटना कोर्टात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात नियमास स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्यास नकार दिला. तोवर शाळा भरून महिना उलटून गेला होता.

कोणी म्हणेल, सरकारी शाळा भराव्यात असे तुम्हीच म्हणता, मग ह्या नियमास विरोध कां? विरोध एवढ्याचसाठी की, त्या नियमाने गरिबाच्याच पोरास सरकारी शाळेत बसविले असते. वकिलाचे पोर, तहसीलदाराचे पोर, संस्थाचालकाचे पोर तेथे येणार नव्हते. हा पंक्तिप्रपंच होय. सरकारी पगार घेणाऱ्या अंमलदारांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत, असा हुकूम अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली उत्तर प्रदेशापुरता दिला होता. तो कागदावरच राहिला, पण रोगाचे मूळ त्या न्यायाधीशांनी बरोबर हेरले होते. ज्या शाळेत कलेक्टरचे पोर बसेल त्या शाळेचे छप्पर गळत राहणार नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या खेडेगावच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. ह्या मोफत जागा घरापासूनच्या अंतरावर मिळतात. आधी एक किलोमीटरच्या आतले मूल, मग तीनच्या आतले. किनवटच्या तांड्यापासून किंवा देवणीच्या वाडीपासून तीन किलोमीटरांत खाजगी शाळा कोठे आहे? तेव्हा हा हक्क शहरात राहणाऱ्या हमालास, गवंड्यास, मोलकरणीस उपयोगी. वाडीवरच्या कुणब्यास नाही. आणि शहरात जो मजूर राहतो तो भाड्याच्या खोलीत. त्यास नोंदणी केलेला भाडेकरार मागतात, आणि घरमालक तो करून देत नाही. अर्जात घराची खूण नकाशावर चुकीच्या जागी पडली तर लागलेला नंबरही तपासणीत जातो. अर्ज भरणारा ऑनलाइनवाला घाईत असतो, त्याच्या हातून ही चूक हटकून होते. तरी खूण आपल्या डोळ्यांसमोर लावून घ्यावी. उत्पन्नाचा व जातीचा दाखला सोडतीची वाट न पाहता आधीच काढावा. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे, नववीस फी सुरू होते, हेही आजच हिशेबात धरावे, नाहीतर आठ वर्षांनी पोराला शाळेतून काढण्याची पाळी येते.

आता एक कडू बोल. ही दुकाने मांडणारे सगळे परके नाहीत. पूर्वी शेटजी-भटजींच्या नावाने बोट मोडून आपली सुटका होत असे. आज पुष्कळ संस्थांचे मालक आपल्याच रक्ताचे आहेत. कित्येकांच्या फाटकावर फुल्यांचे नाव आहे, दिवाणखान्यात शाहू महाराजांची तसबीर आहे, आणि आत पावतीवाचून पैसे मोजले जातात. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढली ती सर्व जातींची पोरे एका छपराखाली जेववून व शिकवून. त्यांची जयंती करणाऱ्या संस्थाचालकाने आपल्या शाळेत २५ टक्क्यांची पोरे वेगळ्या तुकडीत कां बसतात ह्याचा खुलासा आधी करावा. सरकार परताव्याची रक्कम वर्षानुवर्षे थकविते ही त्यांची तक्रार खरी आहे. सरकारने ती फेडलीच पाहिजे. पण सरकारचा राग सहा वर्षांच्या पोरावर काढणे कोणत्या धर्मात बसते?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सभासद आईबाप असले पाहिजेत व निम्म्या स्त्रिया. बहुतेक गावांत ती कागदावर आहे आणि तिच्या बैठकीच्या सह्या घरपोच होतात. पुढची बैठक शाळेतच भरवावी, रिकाम्या शिक्षकपदांचा आकडा मास्तरांकडून लेखी घ्यावा, आणि ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावा. शहरात ज्या कोणा आईबापांस पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाखतीस बोलाविले, किंवा पावती न देता पैसे घेतले, त्यांनी तारीखवार हकीकत लिहून त्याच कचेरीत द्यावी, पोच घ्यावी, व एक नक्कल आमच्याकडे धाडावी. ती आम्ही छापू. आईबापांचे नाव छापणार नाही.