लायगोचा प्लॉट नको, लायगोचा मास्तर द्या!

काल चहाच्या टपरीवर पुन्हा तोच विषय. औंढा नागनाथला लायगो आलं की रोडटच प्लॉट किती जाईल? 2023 ला केंद्रानं 2,600 कोटी मंजूर केले तेव्हा मीपण जमिनीच्या भावाचीच बातमी लावली होती, कबूल आहे. पण ते यंत्र ऐकणार काय, हे एका तरी पुढाऱ्यानं सांगितलं का?

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत धडकतात, त्यातून गुरुत्वीय लहरी निघतात. 2015 ला अमेरिकेत पहिल्यांदा सापडल्या. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यात होणारा बदल प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान. असा सिग्नल गोंगाटातून काढायचा तर तो कसा दिसेल याचा नमुना आधी गणितानं तयार लागतो. ही नमुना जुळवायची पद्धत उभी करण्यात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधरांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडं किती जणांना हे नाव माहीत आहे?

आता खरी गंमत. बहुतेक नमुने कक्षा गोल धरून बनवलेत. कारणही आहे, लहरी सोडता सोडता कक्षा गोल होत जाते, हे पीटर्सनं 1964 ला दाखवलं. पण ताऱ्यांच्या दाट गर्दीत दोन विवरं अगदी जवळ येऊन अडकली तर गोल व्हायला वेळच मिळत नाही. मग कक्षा लांबट, आणि दर फेरीला जवळ आली की एक झटका. गोल नमुना घेऊन बसलात तर असा सिग्नल हातचा निसटू शकतो. सापडला तर ती जोडी जमली कशी हे कळतं. 2019 च्या मे महिन्यातल्या एका धडकेवर याच मुद्द्यावरून शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. लांबट कक्षांचं गणित गोपाकुमार आणि बाला अय्यर या आपल्या माणसांनी फ्रान्सच्या दामूर यांच्याबरोबर 2004 लाच मांडलंय.

या कामाला चार किलोमीटरची नळी लागत नाही राव. वही, पेन, एक बरा कम्प्युटर आणि शिकवणारा माणूस लागतो. आणि माझ्या माहितीतल्या एका कॉलेजात फिजिक्सला कायम मास्तर नाही. पोरं गाईडवर पास होतात, प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकांच्या बघून भरतात. उद्या लायगो सुरू झालं की हीच पोरं गेटवर वॉचमनच्या नोकरीसाठी चिठ्ठ्या घेऊन उभी राहणार, आणि आपण म्हणणार भूमिपुत्रांना डावललं!

ते पद कधी भरणार, हे मी लेखी विचारतोय. काय उत्तर येतं ते इथंच टाकतो.