कंपनीच्या कामाने अष्टमीला

आयटीवाल्यांच्या दोन जाती असतात. एका जातीसाठी ऑनसाइट म्हणजे न्यू जर्सी. दुसरीसाठी ऑनसाइट म्हणजे धाटाव. मी दुसऱ्या जातीतला. कारखान्यांची सॉफ्टवेअरं बसवायची म्हणजे जिथे कारखाने तिथे आपण. त्यामुळे रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत बरेच मुक्काम झालेत, अजूनही होतात.

या मुक्कामांचं एक ठरलेलं गणित असतं. दिवसभर प्लांटमध्ये, संध्याकाळी सहाला गाडी लॉजवर सोडते, मग एसी, टीव्ही, मोबाईल आणि पनीर बटर मसाला. पाच दिवसांनी घरी परत. कुणी विचारलं, "रोहा कसं आहे रे?" तर उत्तर येतं, "काही नाही रे तिथे." नेटवर शोधलं तर कोलाडचं राफ्टिंग निघतं. त्याला पैसे पडतात आणि सुट्टी लागते. विषय संपला!

माझं म्हणणं उलट आहे. कामासाठी गेलेल्या गावात पायी हिंडणं हा टाइमपास नाही, तो कामाचाच भाग आहे. आणि त्यासाठी टीए बिलात एक रुपयाही वाढत नाही.

पूल ओलांडून पलीकडे अष्टमीत जा. बहुतेकांना अष्टमी म्हणजे तिथी वाटते. पण हे कुंडलिकेच्या काठचं गाव आहे, रोह्याचं जुळं भावंड. नगरपरिषदेचं नावसुद्धा रोहा अष्टमी नगरपरिषद. आणि इथे कंपनीच्या कामाने आलेले आपण काही पहिले नाही. मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून चौलमार्गे खाडीतून वर आला आणि अष्टमीला उतरला. इंग्रजी कागदात गावाचं नाव 'एस्थेमी' असं पडलंय. इथून तो निजामपूरमार्गे रायगडाला गेला. अजेंडा शुद्ध धंद्याचा होता: व्यापाराच्या सवलती आणि १६६१ मध्ये लुटल्या गेलेल्या राजापूरच्या वखारीची भरपाई.

पण साहेब डोळे उघडे ठेवून फिरला. ६ जूनला त्याने शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक पाहिला आणि लिहून ठेवला. दारापाशी दोन लहान हत्ती उभे पाहून, एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, असं आश्चर्यही नोंदवलं. आज त्या तहातली कलमं कुणाला आठवतात? हत्ती मात्र प्रत्येक शिवचरित्रात आहेत. ट्रिप रिपोर्ट असावा तर असा :)

आता आपल्यासारख्यांनी काय बघावं? पहिला नंबर त्या पुलाचाच. संध्याकाळी तिथे उभं राहा आणि पाण्याकडे बघा. हे पाणी कोकणातलं, असं वाटतं ना? त्यातलं बरंचसं घाटावरचं आहे. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात उतरतं आणि मग कुंडलिकेत येतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. जे पाणी मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते इथून अरबी समुद्राला जातं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. खालच्या बाजूने रेवदंड्याच्या खाडीची भरती रोह्यापर्यंत चढते. म्हणजे एका नदीला दोन टाइमटेबलं, एक वीजघराचं आणि एक चंद्राचं.

दुसरं, रोह्याचं धावीर महाराजांचं मंदिर. हे ग्रामदैवत. दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा पोलीस देवाला रीतसर सशस्त्र मानवंदना देतात. प्रोजेक्टची तारीख त्या दिवसांत पडली तर रडू नका, नशीब समजा. एरवी संध्याकाळी नुसतं जाऊन बसलात तरी गावाची नाडी कळते.

तिसरं, स्टेशन. रेल्वेने आलात तर दहा मिनिटं आधी पोचा. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण वाहती झालेली ती ७४१ किलोमीटरची लाइन, तिचं हे पहिलं टोक. बोर्ड नाही, सेल्फी पॉइंट नाही. मला तेच आवडतं.

रविवार मध्ये आला तर अवचितगड. रोह्यापासून मेढा किंवा पिंगळसई गाव गाठायचं आणि दाट जंगलातून चढायचं. दरवाज्यापाशी शरभाचं शिल्प, वर बारा कोनांचा तलाव, आणि बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे १७९६ सालचा शिलालेख. पाणी आणि एखादा गाववाला बरोबर घ्या, रान खरंच दाट आहे. गाडी असेल तर तळ्याच्या पुढे मांदाडजवळची कुडा लेणी. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या या बौद्ध लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. त्यात महाभोज घराण्यातली मंडळी आहेत, तसेच वैद्य, माळी आणि लोखंडाचा व्यापारीही. म्हणजे नोकरीधंदा करणारी, आपल्यासारखीच माणसं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "दिवसभर डोकं पिकतं, मग कोण हिंडणार?" कबूल. गो-लाइव्हच्या आठवड्यात मीही कुठे जात नाही. पण बाकीच्या दिवशी सहा ते नऊ आपण खरंच दमलेले असतो की नुसते कंटाळलेले? लॉजच्या खोलीत तो कंटाळा वाढतोच.

आणि मुद्दा फक्त मन रमवण्याचा नाही. आपण प्लांटच्या स्क्रीनवर काम करतो, तिथे 'पाणी आत' आणि 'सांडपाणी बाहेर' असे दोन आकडे असतात. हिरवा रंग म्हणजे ठीक, लाल म्हणजे अलार्म. अलार्मची मर्यादा किती ठेवायची, रीडिंग दर मिनिटाला घ्यायचं की तासाला, हे बऱ्याचदा आपल्यातलाच एखादा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा टाइप करतो. त्या दुसऱ्या आकड्याच्या खालच्या अंगाला कुंडलिकेवर पोट असलेले कोळी आहेत आणि पाण्याबद्दलची त्यांची तक्रार बरीच जुनी आहे. पुलावर अर्धा तास उभा राहिलेला माणूस तो आकडा वेगळ्या नजरेने टाइप करेल, असं मला वाटतं. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

असो. पुढच्या वेळी ऑनसाइट धाटाव लागलं, किंवा कुरकुंभ, किंवा लोटे, तर एकच करा. पहिल्या संध्याकाळी गाडीवाल्याला सांगा, "दादा, लॉजवर नको, पुलापाशी सोडा." बूट मात्र चालायचे घाला.